चौदा बिटांची हुशारी: जुने डॅक आजही का ऐकले जातात

फिलिप्सची 'टीडीए१५४१ए' ही सीडी प्लेअरमधली डॅक चिप, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, बनायची थांबली त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी तिच्या काही नगांवर छापलेल्या छोट्या मुकुटासाठी शौकीन लोक आज इतके पैसे मोजतात, की तेवढ्यात एक उत्तम नवा डॅक घरी यावा. एक मुकुट म्हणजे एस१, दोन मुकुट म्हणजे एस२. कारखान्यातच मोजून वेगळे काढलेले, जास्त अचूक नग. दुसऱ्या बाजूला आहे ॲपलची नऊ डॉलरची एक बोटभर वायर, फोनच्या टाइप-सी सॉकेटला हेडफोन जोडणारी. तिच्या पोटातही डॅकच आहे, आणि मोजमापात ती १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा, म्हणजे आवाज आणि खरखराट यांतलं सुमारे ९८ डेसिबलचं अंतर, सहज गाठते.

या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतोच: जुने डॅक आजच्यांपुढे टिकतात का? माझ्या मते आकड्यांचा आवाज करण्याचं मूळ काम १९८५ ते १९९० या काळातच कानाला पुरेल इतकं चांगलं झालं होतं. त्यानंतर बदललं ते बहुतांशी त्या चिपभोवतीचं जग. हे पटायला थोडं मागे जावं लागतं.

सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला पुरेशी क्षमता होती ती व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये, म्हणून एका रेघेत तीन नमुने, म्हणजे असे तीन आकडे, बसवले गेले. अमेरिकी-जपानी पद्धतीत ३ गुणिले २४५ रेघा गुणिले ६०, युरोपी पद्धतीत ३ गुणिले २९४ गुणिले ५०. दोन्हीकडे उत्तर ४४,१००. यातला प्रत्येक १६ बिटांचा आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी सांगतो आणि डॅकने तेवढाच विद्युतप्रवाह बाहेर काढायचा असतो. सांगायला सोपं आहे, पण सगळ्यात मोठ्या बिटाचा प्रवाह उरलेल्या पंधरा बिटांच्या बेरजेपेक्षा नेमका एका पायरीने जास्त हवा. म्हणजे चूक ०.००१५ टक्क्यांच्या आत राहायला हवी. १९८० च्या आसपास सिलिकॉनवर इतके सारखे भाग घाऊक प्रमाणात बनवणं फार अवघड होतं.

सीडीसाठी १४ बिट पुरेत असं फिलिप्सचं म्हणणं होतं, सोनी १६ वर अडून बसली. ठरले १६. पण फिलिप्सच्या हातात तयार होती ती 'टीडीए१५४०', १४ बिटांची. आता काय करायचं? फिलिप्सच्या आइंडहोव्हनमधल्या अभियंत्यांनी जे केलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. त्यांनी डिजिटल फिल्टरने नमुन्यांची संख्या चौपट केली, सेकंदाला १,७६,४००. नमुने चौपट झाले की आकडे तोडताना होणारा खरखराट चौपट रुंद पट्ट्यात पसरतो आणि ऐकू येणाऱ्या भागात कमी उरतो. वर, प्रत्येक वेळी १४ बिटांत न बसलेली उरलीसुरली चूक त्यांनी पुढच्या नमुन्यात वळती केली, आणि खरखराट आणखी वरच्या, न ऐकू येणाऱ्या कंप्रतांकडे ढकलला गेला. १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांच्या तोडीचा आवाज मिळाला.

सोनीने १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये आणलेला 'सीडीपी-१०१' हा १,६८,००० येनचा प्लेअर वेगळ्या वाटेने गेला. त्यात १६ बिटांचा एकच डॅक होता, तो डाव्या-उजव्या चॅनेलला आळीपाळीने वापरला जाई. त्यामुळे दोन्ही बाजूंत साधारण ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडे. शिवाय नमुने चौपट केलेले नसल्याने २० किलोहर्ट्झच्या लगेच वर आवाज एकदम कापणारा, भिंतीसारखा ॲनालॉग फिल्टर लावावा लागे. पहिल्या पिढीच्या 'कोरड्या', 'टोचणाऱ्या' आवाजाच्या ज्या तक्रारी आपण अजून ऐकतो, त्यांचा काही भाग अशा फिल्टरांच्या खाती जातो. काही भाग मात्र एलपीसाठी तयार केलेल्या मास्टर टेप तशाच सीडीवर उतरवण्याच्या खाती टाकायला हवा.

१९८५ मध्ये 'टीडीए१५४१' (सुरुवातीला आलेल्या 'टीडीए१५४१ए' ची आधीची आवृत्ती) आली, खऱ्या १६ बिटांची, दोन्ही चॅनेल एकाच चिपमध्ये. तिच्यातल्या अचूकतेमागची युक्ती रूडी व्हान डे प्लासशे यांनी १९७६ मध्येच मांडली होती. ती समजायला गावाकडचं उदाहरण चांगलं आहे. चार भावांना शेताचे चार वाटे करून दिले, पण वाटे अगदी सारखे काही होत नाहीत. मग भाऊ काय करतात? पाळी लावतात. यंदा विहिरीजवळचा तुकडा थोरल्याकडे, पुढच्या वर्षी धाकट्याकडे. चार वर्षांत सगळ्यांना सारखंच मिळतं. या चिपमध्येही प्रवाहाचे वाटे अगदी सारखे करण्याचा हट्ट नाही. ते सतत भराभर आळीपाळीने फिरवले जातात आणि सरासरी अचूक निघते.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनच्या बर-ब्राऊन कंपनीने दुसरा मार्ग धरला. रोधकांची (रेझिस्टरची) शिडी बनवायची आणि लेझरने एकेक रोधक कोरून जागेवर आणायचा. 'पीसीएम५६', मग २० बिटांची 'पीसीएम६३', शेवटी २४ बिटांची 'पीसीएम१७०४'. २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ही कंपनी घेतली. पुढे 'पीसीएम१७०४' बंद झाली, आणि तिचेही भाव जुन्या बाजारात चढले.

हे मार्ग मागे का पडले? मुख्यतः किमतीमुळे. १९६२ मध्ये टोकियो विद्यापीठात इनोसे आणि यासुदा यांनी डेल्टा-सिग्मा पद्धत मांडली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी फिलिप्सने 'बिटस्ट्रीम' आणि जपानी कंपन्यांनी 'मॅश' या नावांनी ती सीडी प्लेअरमध्ये आणली. इथे ६५,५३६ पायऱ्यांची शिडी नाहीच. एक-दोन पायऱ्या अफाट वेगाने चालू-बंद करायच्या आणि खरखराट कानाच्या पलीकडे ढकलायचा. जुळवायला भागच नाहीत म्हटल्यावर लेझर नको, निवड नको, मुकुट नको. चिप स्वस्त झाली आणि शांत भागातल्या आवाजात जास्त अचूकही झाली. सुरुवातीच्या एक-बिट चिपांचे त्रास होतेच. संगीत अगदी हळू असताना त्यांच्यातून बारीक शिट्ट्या उमटू शकत. म्हणून पुढच्या पिढीने पुन्हा थोडे जास्त बिट घेतले. जास्त बिट आले की भाग जुळवण्याचा प्रश्न परत आलाच, आणि त्यावरचा इलाजही तोच जुना: भाग आळीपाळीने फिरवायचे. आजच्या उंची डेल्टा-सिग्मा चिपांच्या आत चार भावांची ती पाळी चालूच आहे. नवा डॅक जुन्याचा वैरी असल्यासारखी चर्चा वाचली की मला म्हणूनच वाईट वाटतं. हे एकच घराणं आहे.

आता आकड्यांकडे. १६ बिटांतून मिळू शकणारी कमाल मर्यादा ९८ डेसिबल, २४ बिटांची कागदावर १४६. एवढं प्रत्यक्षात कोणालाच जमत नाही, कारण खोलीच्या तापमानाला साध्या रोधकाचाही स्वतःचा खरखराट असतो. 'ईएसएस' कंपनीने २०१६ मध्ये आणलेली 'ईएस९०३८प्रो' सगळे भाग एकत्र जोडून मोनो चालवली तर १४० डेसिबलपर्यंत जाते असं कंपनी सांगते. कामगिरी थक्क करणारी आहे यात शंका नाही. पण रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९८ चढवले तर १२८ होतात, आणि कान दुखायला १२० च्या आसपास सुरुवात होते. पंखा लावलेल्या खोलीचं तर बोलायलाच नको.

२००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला आणि तो कधी आहे, कधी नाही हे ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. आवाज नेहमीपेक्षा खूप वाढवून शांत भाग ऐकला, तेव्हाच खरखराट कळला.

मग जुने डॅक कमी पडतात कुठे? पहिली जागा अगदी हळू आवाज. शिडीच्या चिपमध्ये संकेत शून्याच्या वर-खाली होतो तेव्हा सगळ्यात मोठा बिट बदलतो, म्हणजे सर्वांत मोठी चूक सर्वांत हळू आवाजावर येऊन बसते. आपल्या संगीतात ही जागा ऐकायची असेल तर ख्याल संपल्यावर विरत जाणारा तानपुरा ऐकावा. चांगल्या डॅकमध्ये तो शेवटपर्यंत तानपुराच राहतो. वाईट डॅकमध्ये शेवटी शेवटी त्याला खरबरीत कड येते. मुकुटवाले नग निवडले जात ते याच भागातल्या अचूकतेसाठी.

दुसरी जागा जोडणी. जुन्या डॅकपेट्यांना कोॲक्सियल किंवा ऑप्टिकल वायरमधून येणाऱ्या संकेतावरूनच घड्याळ ओळखावं लागे, आणि त्या वेळेत थरथर असली तर ती आवाजात उतरे. आजच्या यूएसबी डॅकमध्ये उलटं असतं, घड्याळ डॅकचं आणि कॉम्प्युटर त्याच्या मागे चालतो. बऱ्याच जुन्या पेट्या ४८ किलोहर्ट्झच्या वर काही स्वीकारतच नाहीत. सीडी प्लेअरच्या आत बसलेल्या डॅकला मात्र हा त्रास फारसा नाही. घड्याळ तिथे शेजारीच असतं.

जुन्या आवाजाचा 'मऊपणा' हाही मुद्दा निघतो. जपानमध्ये कुसुनोकी यांनी १९९० च्या दशकात नमुने न वाढवता, डिजिटल फिल्टर काढून टाकून ऐकण्याचा विचार मांडला आणि 'टीडीए१५४१ए' ला दुसरा जन्म मिळाला. अशा मांडणीत १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० ला ३ डेसिबलहून थोडी जास्त घट गणितानेच येते. तो मऊपणा खरा आहे, आवडावा असाही आहे. फक्त तो चिपच्या जादूतून येत नाही, ही घट त्याचं मोठं कारण आहे.

माझ्याकडे १९९० च्या सुमाराचा एक प्लेअर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा एक चॅनेल गुरगुरायला लागला. लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने पेटी उघडली तेव्हा डॅक ठणठणीत होता. वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले होते. ते बदलल्यावर मी तो नव्या डॅकशेजारी ठेवून, दोघांची पातळी मीटरने जुळवून ऐकला. पातळी जुळवणं महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. पडद्यामागून मला दोघांतला फरक सांगता आला नाही.

म्हणून कोणी जुना प्लेअर घ्यायला निघालं तर मी मुकुटाआधी सीडी वाचणारा लेझर आणि कपॅसिटर बघायला सांगतो. मुकुट छापलेल्या नकली चिपाही बाजारात फिरतात. आणि पेटी उघडलीच, तर 'टीडीए१५४१ए' भोवती दोन्ही बाजूंना मिळून चौदा छोटे कपॅसिटर दिसतील. पाळी फिरताना उठणारी बारीक लहर तेच शोषून घेतात. ते सहसा फिल्मचे असतात, सुकत नाहीत. कारागिराला वीजपुरवठ्याचे बदलायला सांगावं आणि या चौदांना हात लावू देऊ नये.