छातीतल्या गाठी: टीबी की आणखी काही?

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘मेडियास्टायनल लिम्फॅडेनोपॅथी’ (दोन फुफ्फुसांच्या मधल्या लसिकाग्रंथी वाढणं) लिहून आलं की घरच्यांच्या मनात पहिला येतो तो कॅन्सर. कधी तो असतोही. पण जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असल्याने, अशा गाठी दिसल्या की डॉक्टरांचा पहिला संशय टीबीवर असतो. अडचण करतो तो सारकॉइडोसिस, म्हणजे जंतुसंसर्ग किंवा कॅन्सर नसताना दाहाने गाठी होणारा आजार. त्यातही खोकला, बारीक ताप, वजन घटणं असतं. उपचार मात्र उलटे. सारकॉइडोसिसला गरज पडली तर स्टेरॉइड देतात; टीबीत नुसतं स्टेरॉइड दिलं तर जंतूंना रान मोकळं.

स्कॅनवरून अंदाज बांधता येतो. दोन्ही बाजूंना सारख्या वाढलेल्या गाठी बहुधा सारकॉइडोसिसच्या. एकमेकींना चिकटलेल्या, मध्यभागी काळसर दिसणाऱ्या बहुधा टीबीच्या. पेट स्कॅनने सोक्षमोक्ष लागेल असं अनेकांना वाटतं (महाग तपासणी म्हणजे पक्की, हा आपला जुना समज), पण त्यात टीबी, सारकॉइडोसिस आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) तिन्ही उजळतात. कोणत्या गाठीत सुई घालायची, हे ठरवायला त्याचा उपयोग जास्त.

शेवटी नमुना काढावाच लागतो. पूर्वी त्यासाठी भूल देऊन गळ्याच्या खळगीत छेद घ्यावा लागे. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी 1959 मध्ये ती पद्धत मांडली. आता बहुतेकदा ‘ईबस’ करतात. ब्रॉन्कोस्कोपच्या (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीच्या) टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो, श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर दिसते आणि तिच्यात थेट सुई घालता येते. लिम्फोमाचा संशय असेल तर मात्र सुईतला ऐवज कधी कधी अपुरा पडतो, मोठा तुकडा लागतो. त्याआधीच स्टेरॉइड सुरू केलेलं असलं, तर लिम्फोमा झाकला जाऊ शकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबी आणि सारकॉइडोसिस दोन्हींत ग्रॅन्युलोमा (दाहातल्या पेशींचे बारीक पुंजके) दिसतात. टीबीत त्यांचा मधला भाग बहुधा सडलेला असतो, पण नेहमीच नाही. म्हणून जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं). जीनएक्सपर्टचं यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देतं, कल्चरला सहा आठवडेही लागतात. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असं मात्र धरता येत नाही.

या सगळ्यात एक घोटाळा अगदी साधा असतो: सगळा नमुना फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? थोडा नमुना सलाइनमध्ये वेगळा ठेवणार ना, हे बायोप्सीच्या आधीच विचारून घ्यावं.