बारावी : ‘येतंय’ वाटणं आणि खरंच येणं

बारावीचं वर्ष कागदोपत्री जूनमध्ये सुरू होतं. कोल्हापुरात ते त्याआधीच, अकरावीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच व्हेकेशन बॅचनं सुरू झालेलं असतं. राजारामपुरीत क्लासच्या पाट्यांवर गेल्या वर्षीच्या टॉपरांचे फोटो झळकतात, खाली मोपेडींची दाटी. घरात टीव्हीचा आवाज उतरतो आणि आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत जो तो विचारू लागतो, “किती तास बसतोस रे?” प्रश्न वाईट नाही, पण अर्धाच आहे. त्या तासांत डोक्यात नेमकं काय घडतं, हे कुणी विचारत नाही. स्मृतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं तेच विचारत आलेत, आणि त्यांना मिळालेली उत्तरं आपल्या सवयींना फारशी सोयीची नाहीत.

सुरुवात जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी केली. त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही काळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. १८८५ साली छापलेले त्यांचे आकडे आजही बघण्यासारखे आहेत. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्याभरानं २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्याच दिवशी उरकतो, पुढे गळती मंदावते. निरर्थक अक्षरांपेक्षा समजून घेतलेला धडा जास्त टिकतो हे खरं, पण उताराचा आकार साधारण तसाच असतो. जूनमध्ये ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ मन लावून केलेल्या मुलीला गणपतीपर्यंत त्यातलं निम्मं आठवत नसेल, तर तिच्या बुद्धीत काही खोट नाही. मेंदू असाच चालतो.

मग उपाय काय? घरोघरी एकच मिळतो: पुन्हा वाच. अजून एकदा वाच. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरव. (काही पुस्तकांत इतकं पिवळं झालेलं असतं की पांढरी राहिलेली ओळच महत्त्वाची वाटावी.) २०१३ मध्ये जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. पुन्हा वाचणं आणि अधोरेखित करणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. वरचं स्थान दोनच पद्धतींना मिळालं: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं.

यातल्या पहिल्या पद्धतीचा एक प्रयोग बारावीच्या प्रत्येक घरात सांगावा असा आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पहिल्या गटाचं वाचन सरासरी चौदा वेळा झालं, दुसऱ्याचं जेमतेम साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. इथवर आजोबांचा सल्ला जिंकला. आठवड्याभरानं चित्र पालटलं: वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर होते. लिहिणाऱ्यांना मध्ये कुणी चुका दुरुस्त करूनही दिल्या नव्हत्या.

या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. सर्वांत जास्त भरवसा होता तो चारही सत्रांत वाचणाऱ्यांना! मजकूर ओळखीचा झाला की डोळे त्यावरून सरसर जातात आणि मेंदू त्या सरसरीलाच ज्ञान समजून बसतो. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आठवणं वेगळं. ‘सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही’ असं सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं वाटत असतं.

म्हणून धडा संपला की पुस्तक मिटायचं आणि रफ वहीत आठवेल ते लिहायचं. सूत्रं, आकृती, व्याख्येतले कळीचे शब्द, जे सुचेल ते. पहिल्या काही वेळा हे फार केविलवाणं दिसतं, अर्धं पानही भरत नाही. इथेच बहुतेक जण घाबरून परत वाचायला लागतात. पण आठवताना होणारी ही ओढाताण वाया जात नाही, आठवण पक्की करण्याचं काम तीच करते. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भरायचं. राधानगरी किंवा गारगोटीकडून एसटीनं येणाऱ्या मुलांना तर याला वेगळा वेळसुद्धा लागत नाही. उभ्यानं प्रवास करताना पुस्तक उघडता येत नाही, हे इथे पथ्यावरच पडतं. कालच्या तासाला सरांनी काय काय शिकवलं, ते क्रमानं मनातल्या मनात मांडायचं.

चूक झाली तरी बिघडत नाही. उलट, ठाम खात्रीनं दिलेलं उत्तर चुकीचं निघालं आणि लगेच बरोबर उत्तर कळलं, तर ते अधिक पक्कं बसतं असं जेनेट मेटकाफ यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. टेस्ट सिरीजचा निकाल आल्यावर फक्त मार्क बघून पेपर बॅगेत कोंबणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं.

आठवण्याच्या जोडीला ‘का’ विचारण्याची सवय हवी. उदाहरण गावातलंच घेऊ. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. तारखा पाठ असतात. पण वर्षातून दोनदाच का आणि याच तारखांना का? सूर्य मावळण्याची जागा जूनअखेरपासून दक्षिणेकडे सरकत २१-२२ डिसेंबरला टोकाला पोचते आणि परत फिरते. त्यामुळे दक्षिणेकडचा मावळतीचा एखादा बिंदू टोकाच्या अलीकडे एकदा आणि तितकेच दिवस पलीकडे दुसऱ्यांदा गाठला जातो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. एवढं समजलं की एक तारीख माहीत असली तरी दुसरी गणितानं काढता येते. धड्यातल्या प्रत्येक विधानाला असं ‘का’ विचारायला वेळ लागतो, पण पाठ करायचं ओझं त्यामुळे कमी होतं.

आता गणिताकडे. क्लासमध्ये एका प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवून घेतात. हात बसतो, आत्मविश्वास वाढतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये याचीच परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटानं एकेक प्रकार संपवत उदाहरणं सोडवली, दुसऱ्यानं चारही प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाला २० टक्के, मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के. कारण उघड आहे. एकाच प्रकारची उदाहरणं सलग असली की कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही, ते वरच्या उदाहरणात लिहिलेलंच असतं. परीक्षेत खरी अडचण तिथेच असते. तालमीतला पैलवान जोर-बैठका एकट्यानं मारतो, पण डाव शिकायला लाल मातीत वेगवेगळे जोडीदार लागतात. समोरचा कोणता डाव टाकणार हे तो आधी सांगत नाही. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा, पेपरही सांगत नाही. गणिताचे दोन-दोन गुणांचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, कोणता प्रश्न कोणत्या प्रकरणातला याची चिठ्ठी न लावता, आणि त्यात सुमारे वीस टक्के अकरावीचं. वाणिज्य शाखेतही तेच. भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती आणि मृत्यू ही तीन प्रकरणं वेगवेगळी केली की सोपी, एकत्र आली की कोणाची ख्याती (गुडविल) कुणाच्या खात्यावर टाकायची इथे गाडी अडते. म्हणून नवीन प्रकार शिकताना सुरुवातीची चार-पाच उदाहरणं सलग करावीत आणि मग जुनी त्यात मिसळून टाकावीत.

‘हे प्रकरण ऑप्शनला टाकू’ हा निर्णय सप्टेंबरात घेणाऱ्यांबद्दल फार बोलत नाही. बोर्डाच्या पेपरात विकल्प असतात म्हणून तो कधीकधी खपतो. सीईटीत मात्र ते प्रकरण विकल्प न देता समोर येतं.

दुसरी खात्रीची पद्धत विभागून अभ्यासाची. किती दिवसांनी उजळणी करावी, यावर निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३०० हून जास्त लोकांवर प्रयोग केला. उजळणीनंतर पाच आठवड्यांनी परीक्षा असेल तर पहिल्या अभ्यासानंतर ११ दिवसांनी केलेली उजळणी सर्वांत फळली. परीक्षा दहा आठवड्यांनी किंवा जवळजवळ वर्षानं असेल तर २१ दिवसांनी केलेली. हे आकडे देव्हाऱ्यात ठेवायचे नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे: दुसऱ्याच दिवशीची उजळणी फार लवकर होते, आणि थेट पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशीची फार उशिरा. जूनमधला धडा जुलैत एकदा, मग दसऱ्याच्या सुमारास, मग दिवाळीच्या सुट्टीत. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते बंद, कॉलेज बंद, अशी वेळ २०१९ आणि २०२१ मध्ये आली होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना अभ्यासाचं कुणी काही सांगू नये. बाकीच्यांसाठी सक्तीच्या सुट्टीचे असे दिवस नवीन धड्यांपेक्षा जूनच्या उजळणीला बरे.

राहिली झोप, आणि इथे आपल्या घरांत सगळ्यांत जास्त गोंधळ आहे. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूत नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, पेशींची नोंद घेतली. जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र पेटत होत्या, त्याच पुढे झोपेतही एकत्र पेटताना दिसल्या. दिवसाचा धडा मेंदू झोपेत पुन्हा गिरवत होता. १३ ते १८ वयाला तज्ज्ञ आठ ते दहा तास झोप सांगतात. शिवाय या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे साडेनऊला दिवा मालवूनही पोराला झोप येत नाही आणि पहाटे चारला उठवलं की तो पुस्तकासमोर बसून पेंगतो. आजोबांना पहाटेचा अभ्यास मानवला असेल. आज पन्नाशी-साठीला तर तो मानवणारच, कारण वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुन्हा अलीकडे सरकतं.

एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या सुमारे १०० विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर पट्टे बांधून झोप मोजली गेली. २०१९ मध्ये आलेल्या या अभ्यासात परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्यांतल्या झोपेशी: किती तास, कितपत चांगली आणि किती नियमित. हा कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. नीट झोपणारी मुलं बाकीही नीट करत असतील. तरी पेपरच्या आदल्या रात्री झोप लागली नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलीला हे सांगायला हरकत नाही.

क्लास निवडताना मात्र याचा हिशोब आधीच करावा. सकाळी सहाची बॅच फीमध्ये थोडी स्वस्त पडत असेलही, पण कागल-मुरगूडकडच्या मुलाला त्यासाठी साडेचारला उठावं लागणार असेल, तर रात्री साडेआठपर्यंत त्याची जेवणं आटोपून त्याला अंथरुणात जाता येतं का, हे घरात बसून बघावं. जमत नसेल तर कॉलेजनंतरची दुपारची बॅच घ्यावी, आणि तिथे जागा भरल्या असतील तर क्लासवाल्यांना तेवढी एक सोय करायला सांगावं.