प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांतील अस्पष्ट ताप

मूत्रपिंड प्रत्यारोपण, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असताना येणारा आणि प्राथमिक तपासण्यांत कारण न सापडणारा ताप. पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ मध्ये अस्पष्ट तापाची व्याख्या करताना ३८.३ अंश सेल्सिअसवरचा ताप आणि किमान ३ आठवड्यांचा काळ अशा अटी घातल्या. या रुग्णांना एवढी सवड नसते. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घन मिलिमीटरमागे ५०० च्या खाली असतील, तर कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात; शोध मागाहून.

तापाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. स्टेरॉइड ताप दाबते. टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध चालू असेल तर गंभीर संसर्गातही सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, वाढेलच असे नाही. मँटू (क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी) किंवा अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असे नव्हे. म्हणून थेट जंतू शोधणाऱ्या तपासण्या लवकर कराव्यात: कल्चर, सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय चाचणी), सीएमव्ही या विषाणूसाठी पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी). अडालिमुमॅबसारख्या संधिवाताच्या औषधांवर क्षय उफाळू शकतो, तोही अनेकदा फुप्फुसाबाहेर. नुसता एक्स-रे पुरत नाही.

बेळगाव सीमाभागात निम्मे निदान विचारपुशीत असते. खानापूरकडे भातलावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्याच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस हा जंत, शेती सुटल्यावरही, वर्षानुवर्षे टिकू शकतो. स्टेरॉइड सुरू होताच तो बेसुमार वाढू शकतो आणि आतड्यातले जीवाणू रक्तात नेऊ शकतो. इओसिनोफिल (जंत झाल्यावर सहसा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नसले तरी शंका सोडू नये. कच्चे दूध पिणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताने काढणाऱ्या माणसात ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जीवाणूचा संशय घ्यावा आणि तसे प्रयोगशाळेला आधी कळवावे. जांबोटी-कणकुंबीच्या रानात वावर असेल, तर स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) काळी खपली काखेत, जांघेत, अगदी करदोट्याखालीही शोधावी. ती दुखत नसल्याने रुग्ण सांगत नाही. लगतच्या दोडामार्ग आणि सत्तरीत माकडतापही (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप) आढळला आहे.

औषधांची यादी हा वेगळाच घोळ. प्रत्यारोपण एका शहरात, तपासण्या मिरज-कोल्हापूरला, ताप बेळगावात. शिवाय सांधेदुखीच्या पुड्या, ज्यांत स्टेरॉइड असू शकते. नेहमीचे स्टेरॉइड घाबरून एकदम बंद केल्यास अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या) ग्रंथी कमी पडून तापच येऊ शकतो. क्षय निघाला आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध सुरू केले, तर टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची रक्तातली पातळी झपाट्याने उतरते. टॅक्रोलिमसचा डोस वाढवून ती वारंवार मोजावी लागते किंवा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरतात.