पहाटे तीनची पाळी

श्रावणात आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या गावात देवळात सप्ताह बसतो. समईभोवती चोवीस तास भजन. वात विझता कामा नये आणि सूरही. वाड्यावाड्यांच्या पाळ्या लागतात. गळ्याचे लोक संध्याकाळ घेतात, कारण तेव्हा ऐकायला माणसं असतात. मला गेली कित्येक वर्षं पहाटे ३ची पाळी मिळते. का, ते मी विचारत नाही.

गोव्यात बेसूर असणं जरा महागात पडतं. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून अंतराळात गेली. कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, सगळे गवई याच मातीतले. इथे ‘मला गायला आवडतं’ म्हणालात की पुढचा प्रश्न ‘कोणाकडे शिकता?’ हाच.

पण बेसूर म्हणजे कानाचा दोष, हे तरी खरं का? सिमोने दाला बेला, इझाबेल पेरेट्झ आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलच्या एका बागेत येणाऱ्याजाणाऱ्यांना सगळ्यांना पाठ असलेलं एक गाणं म्हणायला लावलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की, हौशी माणसं कसलेल्या गायकांपेक्षा भरभर गातात आणि घाईत सूर सोडतात. मग काही हौशी माणसांना लय उतरवून गायला सांगितलं, तर बहुतेकांचे सूर कसलेल्या गायकांच्या जवळ गेले. सूर ओळखताच न येणं, हा जन्मजात दोष शंभरात एखाद-दुसऱ्यालाच असतो. बाकीच्यांना ऐकू येतं सगळं, गळा तिथवर पोचत नाही एवढंच. (आपण चुकतोय हेही ऐकू येतं, ही त्यातली खरी शिक्षा.)

आता आनंदाचं. जमत नसलं तरी तो मिळतो का? २०१६ साली अमेरिकेत गिरिजा कैमल यांच्या गटाने ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद दिले आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सुमारे चारांतल्या तिघांत उतरलं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान, तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता, तेव्हा फार ताणू नये.

मला जास्त पटतो तो १९७३चा, मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात तेच रंग पुढे ठेवले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं त्यांच्याशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हे, बोलीचा. ‘आवडतं म्हणून’ची जागा ‘मिळेल म्हणून’ने घेतली की, मिळायचं थांबल्यावर हातही थांबतो.

आमच्या मंडळाने एकदा स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मला हे पाहायला मिळालं. तीन महिने तालीम जोरात. मला झांज देऊन मागे उभं केलं, तोंड नुसतं हलवायची सूचना झाली. नंबर आला नाही. नंतरच्या एकादशीला भजनाला पाचजण होते आणि त्यांत गळ्याचा एकच. स्पर्धा वाईट असं मी म्हणत नाही, चांगले गवई त्यांतूनही घडतात. पण मागच्या रांगेतल्या झांजवाल्याचं काय होतं, हे परीक्षक पाहत नाहीत.

पहाटे ३ला परीक्षक झोपलेले असतात. आम्ही सहाजण, एक पेटी, मृदंगावर डुलणारा एक पोरगा. झोपेने लय आपोआप उतरलेली असते. तरी सवयीने मी अभंग पळवायला लागतो आणि पेटीवरचे आबा डोळे न उघडता म्हणतात, “सवकास म्हण मरे, खंय वचपाचें आसा तुका?” (कुठे जायचंय तुला?) मी सावकाश म्हणतो. कधीकधी पंचम लागतोसुद्धा.