ते रान माजलेलं नाहीये

पावसाचं पाणी अडवायला सखल जागी जो उथळ खड्डा करतात ना, स्टॉर्मवॉटर बेसिन, त्यातलं लॉन कापणं बंद करून तिथलंच देशी गवत, लव्हाळे, पाणकणीस वाढू दिलं की कोणीतरी फोटो टाकतंच, "बघा काय रान माजलंय, लक्ष आहे का कुणाचं?" आणि खाली धडाधड अंगठे. कापलेलं हिरवंगार म्हणजे स्वच्छ आणि कमरेएवढं वाढलेलं म्हणजे घाण, हे डोक्यात इतकं फिट बसलंय की पाण्याचं काय होतं ते कुणी बघतच नाही.

लॉनची मुळं जेमतेम काही इंच, वर मशीन फिरून फिरून माती दाबून टणक झालेली, आणि कित्येक ठिकाणी मधोमध काँक्रीटची नाली. म्हणजे रस्त्यावरचं तेल, टायरचा चुरा, खत, कुत्र्यांची घाण सगळं घेऊन पाणी या टोकाने आत, त्या टोकाने बाहेर. जुने बेसिन बांधलेच होते पूर येऊ नये म्हणून, पाणी शुद्ध करायचं काम त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

दाट गवतात पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो, इतपत सगळ्यांना कळतं. पण 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण 3 तास घेतो आणि 1 मायक्रॉनचा जवळजवळ 13 दिवस! इतका वेळ पाणी थांबतंय कुठे? मग हे बारीक कण पाण्यातल्या देठांवर जो बुळबुळीत थर असतो ना, जंतूंचा, त्याला बरेचसे चिकटतात. जेवढे जास्त देठ तेवढा जास्त बुळबुळीतपणा.

आता माझी आवडती गोष्ट, खतातून आणि घाणीतून पाण्यात येणारा नायट्रोजन, तो कसा निघतो ते. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा, आत स्पंजसारख्या हवेच्या पोकळ्या दिसतात. या नळ्यांतून हवा थेट मुळांपर्यंत जाते, कारण खालच्या काळ्या कुजकट वासाच्या चिखलात ऑक्सिजन नसतोच. थोडा ऑक्सिजन मुळातून बाहेर झिरपतो. रोप उपटलं तर काळ्या चिखलातल्या मुळांवर चक्क नारिंगी लेप दिसतो, तो गंज आहे, चिखलातलं लोह तिथे ऑक्सिजन मिळून गंजलेलं! आणि हा गंज फॉस्फरसलाही धरून ठेवतो.

मुळाला लागून ऑक्सिजन आणि काही मिलिमीटरवर अजिबात नाही, अशी ही जागा. ऑक्सिजनवाल्या पट्ट्यात एक प्रकारचे जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात, ते नायट्रेट सरकत शेजारच्या बिनऑक्सिजनच्या चिखलात गेलं की तिथले दुसरे जंतू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवरच श्वसन करतात (खायला कार्बन कुजलेल्या पानांतून मिळतो), आणि नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, शेवटी साधा नायट्रोजन वायू, जो हवेत 78 टक्के आहेच, तो बुडबुडून निघून जातो. साखळी मधेच तुटली तर मात्र नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा, तेव्हा सगळं गोडगोड नाही हेही सांगतो.

जर्मनीत केटे झाइडेल या बाईंनी 1950च्या दशकात पाणवनस्पतींनी घाण पाणी साफ करायचे प्रयोग सुरू केले. तेव्हापासून अभ्यास वाढत गेला आणि कळलं की नायट्रोजनचं बरंचसं काम झाड नाही, त्याच्या मुळाशी राहणारे जंतू करतात. त्यामुळे "ही एक वनस्पती लावा, पाण्यातलं सगळं विष शोषून घेते, पॉझिटिव्ह एनर्जीही देते" असले मेसेज आले की सरळ डिलीट मारा. शिसं, जस्त वगैरे जंतू खाऊन संपवत नाहीत, ते गाळात साठतात आणि गाळ कधीतरी काढावाच लागतो.

डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, आणि 2-3 दिवसांत कोरड्या होणाऱ्या बेसिनमध्ये त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. कायम पाणी राहत असेल तिथे चतुरांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात, पण तीसुद्धा टिकतात ती देठांच्या आडोशाने.

आणि हो, कापायचंच नाही असं नाही. वाळलेले देठ वर्षातून एकदा कापून बेसिनच्या बाहेर न्यायचे. तिथेच टाकले तर कुजून त्यांच्यातला फॉस्फरस परत त्याच पाण्यात.