ड्रिल मशीन घेताय? आधी भिंत कशाची आहे ते सांगा

सप्रेम नमस्कार.

‘मशीन फिरतंय, पण भोक पडत नाही. बदलून द्या.’ दिवाळीआधीची रंगरंगोटी उरकली, की ही तक्रार आमच्या दुकानाच्या काउंटरवर हमखास येते. लावून बघावं तर मशीन व्यवस्थित चालतं. बिटाचं (भोक पाडणाऱ्या दांडीचं) टोक मात्र निळं पडून गोल झालेलं असतं. भोक कुठं मारत होता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘खिडकीच्या वर, पडद्याच्या रॉडसाठी.’

घोळ तिथंच होतो. घर विटांचं असलं तरी खिडकीच्या डोक्यावर बहुतेक ठिकाणी आरसीसीचं लिंटेल (सळया घातलेल्या काँक्रीटची आडवी तुळई) असतं. वरचा अर्धा इंच गिलावा भराभर जातो, मग काँक्रीट लागतं आणि बिट जागेवरच फिरत राहतं. माणूस अंगाचा भार टाकतो. बिट तापतं, टोकाला बसवलेला कार्बाइडचा कठीण तुकडा उडतो, कधी मोटरचं फिरणारं आर्मेचरच जळतं. जास्त लोडनं जळलेलं आर्मेचर सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि बोलणी आम्ही खातो.

म्हणून जोर लावण्याआधी खाली पडणारी पूड बघा. लाल असली तर वीट, करडी असली तर काँक्रीट. फिकट, हलकी पूड आणि बिट सरसर आत, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. पूड यायची थांबली आणि आवाज कर्कश झाला तर सळई लागली समजा. तिथं हट्ट करू नका, इंचभर बाजूला सरका. ते बिट लोखंडासाठी नाही, आणि लिंटेलची सळई कापणं घरालाही बरं नाही.

तक्रार घेऊन येण्याआधी एवढं बघाच: हॅमरचं (फिरताना ठोके देण्याचं) बटण लावलंय का, रिव्हर्स चालू राहिलं नाही ना, आणि बिट भिंतीचंच आहे ना. उलटं फिरतानाही मशीन आवाज तेवढाच करतं.

आता कोणतं घ्यायचं. फोटो फ्रेम, पडदे, नळाजवळचा स्टँड, कधी लाकडात नाहीतर पत्र्यात भोक, एवढ्याला १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), ५५० ते ७५० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. स्पीड कमी-जास्त होणारं आणि रिव्हर्स असलेलं घ्या. हॅमर नसलेलं १० एमएमचं स्वस्त पडतं, सुताराला ते छान. भिंतीसाठी नेलंत तर परत इथंच याल.

स्लॅब, बीम, कॉलमला रोटरी हॅमर लागतं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात. ठोके भरपूर, पण हलके, आणि सगळा भार तुमच्या हातावर. रोटरीत पिस्टन हवा दाबून ठोका मारतो, त्यामुळे मशीन नुसतं धरून ठेवायचं. त्याला एसडीएस प्लस दांड्याचं खाचांचं बिट लागतं, गोल दांड्याचं बसत नाही. साताऱ्यातल्या पेठांमध्ये काळ्या दगडाचे जुने वाडे आहेत, तिथंही हेच मशीन. आणि दगडापेक्षा सांध्यात भोक मारायचा मोह टाळा, सांधा मातीचा असला तर गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) धरत नाही.

एएसी ब्लॉकला मात्र हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक ऐसपैस होऊन गिट्टी फिरत बसते. टाइल्सलाही बंदच: वर मास्किंग टेप, टाइलचं भाल्यासारख्या टोकाचं बिट, कमी स्पीड, टाइल पार झाली की भिंतीचं बिट लावा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक मारू नका, तिथून वायर गेलेली असते.

बॅटरीचं ड्रिल फर्निचरचे स्क्रू आवळायला उत्तम. वर्षातून दोनदाच हात लागणार असेल तर वायरचंच घ्या.

मशीन दाखवण्याआधी आम्ही भिंतीची चौकशी करतो, त्याचा काहींना राग येतो. पण बिल करण्याआधी काँक्रीटच्या ठोकळ्यात भोक पाडून दाखवतो ते त्याच कारणानं. ऑनलाइनपेक्षा थोडे पैसे जास्त लागतात, मान्य. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले की ते मात्र इथं मिळतात आणि बसवूनही मिळतात. वापरून टोक गेलेलं बिट आम्ही बदलून देत नाही; आग्रह करू नये.

चार भोकांसाठी रोटरी विकत घेऊ नका. दिवसाच्या भाड्यानं देतो, सोबत ६ आणि ८ एमएमची बिटं. बिट मोडलं तर त्याचे पैसे वेगळे. मशीन दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना परत हवं, कारण पुढचा गिऱ्हाईक थांबलेला असतो.