अतिथंड हवामानातील इंजिन ऑइलची निवड

हिवाळ्यात तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते, अशा ठिकाणी वाहनाचे इंजिन ऑइल निवडताना एक प्रश्न इतर सगळ्यांच्या आधी सोडवावा लागतो. रात्रभर गारठलेले तेल पहाटे पंपाने ओढले जाईल का आणि बेअरिंगपर्यंत वेळेत पोहोचेल का? इंजिन सुरूच झाले नाही तर खोळंबा होतो, पण इंजिन सुरू झाले आणि तेल वर चढलेच नाही, तर क्रँकशाफ्टची बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि टर्बोचार्जर काही क्षण कोरडे घासतात. त्यातून होणारी झीज भरून येत नाही.

थंडीचा तेलावर परिणाम दोन प्रकारे होतो. एकतर श्यानता (साध्या भाषेत घट्टपणा) झपाट्याने वाढते. दुसरे म्हणजे खनिज तेलात विरघळलेल्या मेणाचे स्फटिक बनू लागतात, आणि ते एकमेकांत गुंतले की तेल खळीसारखे आळते. याच वेळी बॅटरीची ताकदही घटलेली असते. म्हणजे सेल मारताना स्टार्टरपुढचे काम सर्वांत अवघड आणि त्याला मिळणारा वीजपुरवठा सर्वांत अशक्त, असा दुहेरी पेच पडतो.

तेलाच्या डब्यावरील ५डब्ल्यू-३० यांसारखा आकडा एस.ए.ई. या अमेरिकी अभियंता संघटनेच्या जे३०० मानकातून येतो. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा तापमान दाखवत नाही, ती केवळ श्रेणी आहे. ५डब्ल्यू म्हणजे ‘उणे पाचपर्यंत चालणारे’ असा अर्थ लावणे चूक आहे. प्रत्येक श्रेणीला दोन कसोट्या असतात. पहिली सेल मारतानाच्या श्यानतेची: ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांना ६,२०० सेंटिपॉइजच्या वर जाता कामा नये, ५डब्ल्यू उणे ३० अंशांना ६,६००च्या, १०डब्ल्यू उणे २५ अंशांना आणि १५डब्ल्यू उणे २० अंशांना ७,०००च्या वर. (सेंटिपॉइज हे श्यानतेचे एकक; साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते.) दुसरी कसोटी पंपाने ओढले जाण्याची. ती प्रत्येक श्रेणीसाठी आणखी पाच अंश खाली घेतात आणि तिथे मर्यादा ६०,००० सेंटिपॉइजची असते.

हा पाच अंशांचा फरक फार महत्त्वाचा आहे. तेल पंपात अडण्याच्या आधीच इंजिन फिरायला नकार देईल, अशी ती सोय आहे. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत स्टार्टर कण्हत असताना दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून जबरदस्तीने इंजिन फिरवणे धोक्याचे ठरते. तेलाने दिलेला इशारा आपण त्या वेळी मोडून काढत असतो.

पंपाची कसोटी आज इतकी कडक आहे, तिच्यामागे एक दुर्घटना आहे. १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स भागात प्रचलित चाचण्या उत्तीर्ण झालेले तेल भरलेली इंजिने निकामी झाली. तेथे तापमान हळूहळू उतरले आणि त्या संथ गारठण्यात तेल आळले. पंपाने नळीच्या तोंडाजवळचे तेवढे तेल ओढले, तिथे पोकळी झाली, बाजूचे तेल ती भरायला सरकलेच नाही आणि पंप हवा ओढू लागला. प्रयोगशाळेतील झटपट थंड करण्याच्या चाचणीत हे दिसले नव्हते. त्यानंतर तेल जवळजवळ दोन दिवस सावकाश थंड करून मोजण्याची पद्धत रूढ झाली. तेल कोणत्या तापमानापर्यंत ओतता येते तो आकडा, म्हणजे ‘पोअर पॉइंट’, जाहिरातीत ठळक छापलेला असला तरी निवडीसाठी पुरेसा नाही, तो याच कारणाने.

डॅशनंतरचा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ३० श्रेणीची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (श्यानतेचेच आणखी एक एकक) दरम्यान असते, मग डब्यावर ०डब्ल्यू-३० असो की १०डब्ल्यू-३०. ‘०डब्ल्यू फार पातळ, त्याने इंजिन झिजेल’ ही भीती म्हणूनच निराधार आहे. थंडीसाठी पहिला आकडा खाली आणावा. दुसरा आकडा मात्र वाहन उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावा. एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्था) किंवा एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) यांच्या तेलाच्या दर्जाविषयीच्या मानकांबाबतही हेच लागू आहे, विशेषतः धूर गाळणारे फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांत.

श्रेणी ठरवताना सरासरी तापमान उपयोगाचे नाही. गाडी उघड्यावर उभी असते त्या ठिकाणचे हंगामातील सर्वांत खालचे तापमान धरावे आणि थोडी सवड ठेवावी, कारण वापरलेले तेल काजळी व ऑक्सिडीकरणाने नव्यापेक्षा घट्ट झालेले असते. उणे ३०च्या आसपास रात्री जात असतील तर ०डब्ल्यू घेणे शहाणपणाचे. ‘सिंथेटिक’ हा शब्द श्रेणीची जागा घेत नाही: सिंथेटिक १०डब्ल्यू-४० हे शेवटी १०डब्ल्यूच. बोचऱ्या वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारे तापमानही हिशेबात धरू नये. वाऱ्याने इंजिन लवकर गारठते, पण हवेपेक्षा थंड होत नाही.

उणे ४० अंशांच्या पुढे ०डब्ल्यू तेलाच्याही कसोट्या संपतात. तिथे इंजिन ब्लॉक किंवा ऑइल पॅन विजेवर तापवणारा हीटरच लागतो. दुसऱ्या महायुद्धातील विमानांत इंजिन बंद करण्याआधी तेलात मोजके पेट्रोल सोडत. सकाळी इंजिन तापले की ते उडून जाई. मोटारीत हा उपाय करू नये. उलट थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या तेलात न जळलेले इंधन आणि पाणी आपोआपच साचत जाते, कारण ते उडून जाण्याइतके तेल तापतच नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट साका दिसतो तो या पाण्याचा. अशा गाडीचे तेल किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता महिन्यांच्या हिशेबाने बदलावे.